धाकटी गाठ विसरते

धाकटीला गाठ येईनाशी झाली ती एका सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण सव्वानऊला जुड्या बांधायला सुरुवात होते आणि त्या दिवशी पुदिन्याची पहिलीच जुडी तिच्या हातातून सुटून टेबलभर पसरली. तिने दोऱ्याची दोन टोकं दोन हातांत धरली, त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मला येत नाही."

टेबलापलीकडे रेडिओ बसला होता. रेडिओ म्हणजे तिशीतला धट्टाकट्टा गडी. त्याला दिसायचं जेमतेम, पण बोलायचा भरपूर, म्हणून हे नाव. पानं निवडायचं काम तो बोटांनी आणि नाकाने करायचा, आणि एक पिवळं पान त्याच्या हातून सुटायचं नाही.

"काय येत नाही?" त्याने विचारलं.

"गाठ."

"चल, काहीतरीच. तुला गाठ येत नाही म्हणजे उद्या मला बोलता येत नाही असं म्हणशील."

पण धाकटी हसली नाही. तिने दोरा टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि समोर बघत बसून राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एका जुडीच्या गाठीवरून एवढं काय. तर थांबा जरा, आधी हे जिथे घडलं ती बाग कसली ते ऐका. शहराच्या कडेला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात दोन लांबलचक ग्रीनहाऊस आहेत आणि त्यांना लागून एक पत्र्याची शेड. पुदिना, पार्सली, थाईम, रोझमेरी, बेसिल, गवती चहा, असं सगळं वासाचं तिथे पिकतं. काम करणारी बावीस माणसं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला आकडे कळत नाहीत, कुणी दिवसाला चारच शब्द बोलतं. जगाने या सगळ्यांना 'हे तुम्हाला जमणार नाही' असं कधी ना कधी सांगून झालेलं होतं. ही बाग म्हणजे एक संस्था, तिला नफा कमवायचा नाही, पण माल मात्र चोख द्यायचा, असा मॅडमचा दंडक. मॅडम म्हणजे बाग चालवणाऱ्या बाई, पूर्वी शाळेत शिकवायच्या आणि अजूनही सगळ्या जगाकडे शेवटच्या बाकावरची मुलं असल्यासारख्या बघायच्या. "कीव करून घेतलेला माल लोक एकदाच घेतात," त्या म्हणायच्या. "मला पुढच्या आठवड्यात परत येणारं गिऱ्हाईक पाहिजे."

आणि गिऱ्हाईक परत यायचं त्याला एक कारण होतं. बागेच्या जुडीला रबर नसायचा, सुती दोरा असायचा आणि त्याची फुलगाठ. दोन सारख्या पाकळ्या, मध्ये घट्ट. एक टोक ओढलं की जुडी अलगद सुटायची. हॉटेलांतल्या आचाऱ्यांना हे फार आवडायचं, कारण ओल्या हाताने कात्री शोधत फिरावं लागत नसे. ही गाठ बागेत आणली धाकटीने. गेली अकरा वर्षं टेबलावरची खिडकीजवळची खुर्ची तिची होती, आणि आठवड्याला किती जुड्या तिच्या हाताखालून जायच्या ते तिला विचारू नका. तिला वीसच्या पुढे मोजता येत नाही. वीस झाल्या की ती क्रेट सरकवायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त डॉक्टरांच्या फाइलमध्ये सापडतं. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "नाव काय तुझं?" ती म्हणाली, "धाकटी." झालं. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, कानाशेजारचे केस पांढरे झालेत, बागेतली सतरा माणसं तिच्याहून लहान आहेत, पण धाकटी म्हणजे तीच. तिला सगळं सावकाश कळतं. डॉक्टरांनी या सावकाशीला एक लांबलचक नाव दिलं होतं, जे घरात कुणालाच नीट म्हणता आलं नाही. आई आपली म्हणायची, "हिचं जरा हळू आहे." आणि हळू आहे हे खरं, पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. मग ते काढायला कुणाच्या बापाला जमत नाही.

तर अशा या बाईची गाठ एका सोमवारी गेली. कुठे गेली?

खरं सांगून टाकतो. कुठेही गेली नव्हती. गाठ होती तिथेच होती, दहाही बोटांत. धाकटीने ती विसरायचं ठरवलं होतं.

ही गाठ तिला ताईने शिकवली. ताई तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई रुग्णालयात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे धाकटीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईच करायची. शाळेच्या बुटांना लेस असायच्या. बाकीच्या मुलांना लेस बांधता यायच्या, धाकटीला येईनात. ताई रोज संध्याकाळी पायरीवर तिच्या शेजारी बसायची आणि म्हणायची, "एक पाकळी. दुसरी पाकळी. खालून काढ. ओढ." धाकटी ओढायची आणि सगळं सुटून हातात यायचं. ताई पुन्हा पहिल्यापासून. वर्ष लागलं. सबंध एक वर्ष. दादा तर म्हणायचा, "ताई, नाद सोड, तिला बिनलेसचे बूट आणू." ताईने नाद सोडला नाही, आणि एका संध्याकाळी गाठ बसली ती बसलीच. दोघी पायरीवर गळ्यात गळा घालून रडल्या. आईला वाटलं कुणी पडलं की काय.

पुढच्याच वर्षी ताईचं लग्न झालं. सासर लांब, बसने चौदा तास. निघायच्या दिवशी धाकटीने ताईची ओढणी अशी धरून ठेवली की सोडवायला दादा आणि आई दोघं लागले. तेव्हा तिची समजूत घालायला ताई खाली बसली, तिच्या बुटांची लेस नीट केली आणि म्हणाली, "रडू नको. तुला आता सगळं येतंय की. आणि गाठ विसरलीस ना, तर नुसता निरोप धाड. मी परत येईन शिकवायला."

आपण सगळे असं बोलतो. दारात उभं राहून, हातात पिशवी असताना, वेळ मारून न्यायला. पण धाकटीशी असं बोलू नये. तिने ते चौतीस वर्षं जपून ठेवलं.

सुरुवातीला ताई वर्षातून दोनदा यायची. मग मुलं झाली, तेव्हा एकदा. मग सासू अंथरुणाला खिळली ती आजतागायत उठलेली नाही, आणि ताईची कंबर सासूला उचलून उचलून कामातून गेली. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई आली होती, ती शेवटची. धाकटीने तिकडे जावं म्हटलं तर बसमध्ये बसल्यावर तासाभरात तिला उलट्या सुरू होतात, आणि प्रवास तर चौदा तासांचा. राहता राहिला दादा-वहिनीच्या घरचा फोन, आई गेल्यापासून धाकटी तिथेच राहायची. दर रविवारी अकरा वाजता ताईचा फोन यायचा. धाकटी नाश्ता झाला की लगेच फोनजवळ खुर्ची घेऊन बसायची. "कधी येतेस?" हा तिचा पहिला प्रश्न आणि "पुढच्या महिन्यात बघते हं," हे ताईचं शेवटचं उत्तर. ताई खोटं बोलत नव्हती. ती दर महिन्याला खरंच बघायची. पण घरातलं काही ना काही आडवं यायचं, आणि असे किती पुढचे महिने गेले ते वीसपर्यंत मोजणाऱ्या बाईला कसं कळावं? तिला एवढंच कळायचं की फोन ठेवला की सोमवारी टेबलावर बसेपर्यंत कशातच मन लागत नाही. ताईच्या अंगाला एक वास होता, साबणाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा. बागेत इतके वास होते, धाकटी ते सगळे ओळखायची, पण त्यात तो नव्हता. रेडिओला तिने एकदा विचारलंही होतं, "असा पाला असतो का?" रेडिओ म्हणाला, "असता तर मी पहिला लावला असता."

आणि मग एका रविवारी धाकटीने फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मी दोन नव्या मुलींना गाठ शिकवली."

ताईला केवढा आनंद झाला. "अगं बाई, म्हणजे तू मास्तरीणच झालीस की. आता तुला कशाला लागते ताई?"

कौतुकाने म्हणाली बिचारी. धाकटी मात्र तीन दिवस त्या वाक्यावर बसली. थाईमची सुकी पानं खुडताना, डबा खाताना, दात घासताना. तिसऱ्या दिवशी तिला उलगडलं. ताई येत नाही, कारण गाठ येते. इतकं सरळ होतं आणि चौतीस वर्षं लक्षात आलं नव्हतं. स्वतःचाच तिला राग आला.

विसरायचं ठरवणं सोपं, विसरणं महाकठीण. दोरा दिसला की बोटं आपोआप पाकळी करायला लागायची. म्हणून ते हात मांडीखाली. बुटांची लेस बांधता येत नाही म्हटल्यावर ती टोकं बुटात खोचून चालायची, त्याने टाचेला फोड आला, वहिनीने मलम लावलं. शेडमध्ये शिरताना बाहेरचे बूट काढून रबरी चपला घालायच्या असा नियम होता, त्यामुळे दिवसातून चार वेळा लेसशी गाठ पडायची आणि चार वेळा जीव मुठीत धरून विसरावं लागायचं.

मॅडम शेजारी येऊन बसल्या. "अशी बघ, अशी, आणि इथून ओढायची." मॅडमच्या हातची गाठ वाकडी, एक पाकळी केवढी आणि दुसरी एवढीशी. धाकटीने खालचा ओठ दातांत धरला, पण ताकास तूर लागू दिली नाही. "नाही येत," ती म्हणाली. मॅडमनी तिचा चष्मा तपासून घ्यायला लावला. दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बोटं हलवायला लावली, ती हलली. "वय होतंय, असं होतं कधीकधी," ते म्हणाले, आणि दादाचा चेहरा उतरला. ते पाहून धाकटीला कसंसंच झालं. पण निरोप ताईपर्यंत पोचायला हवा तर आता माघार घेऊन चालणार नव्हतं.

निरोपाचंच तर घोडं अडलं होतं. पहिल्या रविवारी ती फोनवर म्हणाली, "ताई, मी गाठ विसरले."

ताई हसली. "चेष्टा करतेस होय गं?"

"नाही. विसरले. अगदी."

"होतं असं. आठवेल हं हळूहळू."

धाकटीने फोन कानाला घट्ट दाबला. ताईने पुढचं वाक्य म्हणायला हवं होतं, ते पायरीवरचं. ताई ते म्हणालीच नाही. दुसऱ्या रविवारी धाकटीने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या रविवारी पुन्हा. ताई काळजीने वहिनीशी बोलली, औषधाचं विचारलं, "मीच यायला हवं खरं तर, पण सासूबाईंना सोडून कसं निघू," म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात बघते म्हणाली. फोन ठेवल्यावर धाकटी वहिनीला म्हणाली, "ताईला नीट ऐकू आलं नसेल." वहिनीला काय कळणार? ती म्हणाली, "आलं गं, सगळं ऐकू आलं." ते तर आणखीच वाईट होतं.

इकडे बागेत तिच्या वाटच्या जुड्या त्या दोन नव्या मुली तीन आठवडे कशाबशा बांधून देत होत्या, पण चौथ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. एका मोठ्या हॉटेलची तीन डझन जुड्यांची मागणी होती. धाकटीने जुड्यांना दोरा नुसताच गुंडाळून क्रेटमध्ये ठेवला. गाडी दोन वळणं गेली असेल नसेल, सगळं सुटलं. हॉटेलात पोचला तो एकच ढीग, पार्सलीत थाईम आणि थाईममध्ये पुदिना. आचाऱ्याचा निरोप आला, "आम्ही जुड्या मागवल्या होत्या, गवताचा भारा नाही." मॅडमनी तो निरोप दोनदा ऐकला आणि मग त्यांनी ते केलं जे त्यांच्या जिवावर आलं होतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी करायला सांगितली. धाकटीला नळाजवळ ट्रे धुवायला पाठवलं. "नियम सगळ्यांना सारखा," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर कुणावर तरी उगाच ओरडत राहिल्या.

धाकटीने अकरा वर्षांच्या खुर्चीवर पाणी सोडलं. तिच्या जागी दोन नव्या मुली बसल्या आणि घाईच्या वेळी रेडिओलाही हाताशी घेतलं. रेडिओच्या गाठी म्हणजे कुलुपं, दातांनीसुद्धा सुटायच्या नाहीत. "धाकटे, परत ये बाई," तो नळाकडे तोंड करून ओरडायचा. "माझा जन्म बोलायला झालाय, गाठी मारायला नाही." धाकटी ट्रे घासत राहायची. थंड पाण्याने बोटं लाल व्हायची. टेबलावरून दोऱ्याच्या रिळाचा खडखड आवाज यायचा आणि तिची बोटं पाण्यातच पाकळी करायला लागायची. आता खुर्चीही नाही आणि ताईही नाही. कधीकधी वाटायचं, जावं आणि सरळ बांधायला बसावं. मग ती मनाशी म्हणायची, उद्या. ताई कदाचित उद्या येईल.

आणि मॅडमना ते सापडलं एका दुपारी, अगदी अचानक. दुसऱ्या ग्रीनहाऊसच्या शेवटच्या कोपऱ्यात रोझमेरीची जुनी झाडं आहेत, ज्यांच्या फांद्या कापून नवी रोपं करतात. पाण्याचा पाइप ओढताना त्यातल्या एकाची जाड फांदी अर्धी चिरली होती. मॅडम बघायला गेल्या, तर कुणीतरी तिला काडीचा टेकू लावून नीट बांधून ठेवलेली. पांढऱ्या लेसने. दोन पाकळ्या, एका मापाच्या, मध्ये घट्ट. मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. मग शेडच्या दाराशी आल्या आणि बुटांच्या फळीकडे पाहिलं. धाकटीच्या डाव्या बुटाला लेस होती, उजव्याला नव्हती.

धाकटी नळाशी होती. मॅडम क्रेट उलटा करून तिच्याजवळ बसल्या.

"रोझमेरीला लेस कुणाची आहे?"

"माझी."

"आणि गाठ?"

धाकटीने ट्रे पालथा घातला, पुन्हा सुलटा केला. "फांदी दुखत होती," ती म्हणाली. "कुणी बघत नव्हतं म्हणून बांधली. तुम्ही सांगू नका कुणाला. मला गाठ येत नाही."

"का येत नाही?"

"मला आली की ताई येत नाही."

मग मॅडमनी तिच्याकडून हळूहळू सगळं काढून घेतलं. पायरी, ओढणी, निरोप धाड, सगळं. मुलं खोटं बोलताना मॅडमनी उभ्या आयुष्यात हजार वेळा पकडली होती. असं खोटं त्यांना कधी भेटलं नव्हतं. त्या उठल्या, ऑफिसात गेल्या, दार लावून घेतलं आणि फोन लावला. एरवी त्यांचा आवाज दोन ग्रीनहाऊस ओलांडून जातो. त्या दिवशी दाराला कान लावून उभ्या असलेल्या रेडिओलाही एक शब्द मिळाला नाही.

पलीकडून ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी असं म्हटलं होतं?" आणि पुढे, "मला आठवतच नाही हो."

म्हणजे विसरली होती ती ताई.

आठ दिवसांनी ताई आली. सासूकडे कुणाला बसवलं, काय केलं, ते तिचं तिला ठाऊक. शुक्रवारी संध्याकाळी पोचली आणि शनिवारी पाचच्या बसने परत निघायचं होतं, त्याहून जास्त सवड काढता आली नव्हती. कंबरेला पट्टा, केस अर्ध्याहून जास्त पांढरे. धाकटी दारातच तिच्या खांद्यात नाक खुपसून उभी राहिली, ती वहिनीने "अगं, आत तरी येऊ दे तिला," म्हणेपर्यंत. साबणाचा वास तोच होता. इस्त्रीचा नव्हता, प्रवासाने कपडे चुरगळले होते.

शनिवारी दोघी बागेत गेल्या. ताईने दाराशी बाकावर बसून धाकटीच्या मदतीने बूट काढले, रबरी चपला घातल्या. खिडकीजवळची खुर्ची मॅडमनी मोकळी करून ठेवली होती आणि शेजारी दुसरी. समोर पुदिन्याचा ढीग आणि दोऱ्याचं रीळ. ताई म्हणाली, "चल, बसू. एक पाकळी."

"एक पाकळी," धाकटी म्हणाली.

"दुसरी पाकळी. खालून काढ. ओढ."

धाकटीने ओढलं. सगळं सुटून हातात आलं. तिने इतकं सुंदर चुकवलं की बघत राहावं. ताईला मॅडमनी सगळं सांगितलेलं होतं, पण तिने तसं दाखवलं नाही. तिने दोरा सरळ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती दुपार त्या दोघींनी तशीच घालवली. धाकटी चुकायची आणि ताई शिकवायची. ताईचा हात धाकटीच्या हातावर असायचा, आणि धाकटी तो तिथे जास्तीत जास्त वेळ राहावा म्हणून नवनव्या चुका शोधून काढायची. एकदा तर तिने दोऱ्यात स्वतःचं बोट बांधलं. ताई खदखदून हसली, कंबर धरून हसली. रेडिओ म्हणाला, "मॅडम, या दोघींनी दिवसभरात एक जुडी बांधली नाही. मला काढून टाकलं असतंत." मॅडम म्हणाल्या, "तू पानं निवड."

मधूनच ताई खिडकीबाहेर बघून म्हणाली, "मला यायला फार उशीर झाला ना गं?"

"हो," धाकटी म्हणाली. तिला तोंडदेखलं बोलता येत नाही. ताईने मान खाली घातली आणि दोरा पुन्हा सरळ केला.

चार वाजले. बसस्टँडवर सोडायला बागेची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ तिला कळत नाही, पण मॅडमनी ताईची पिशवी उचललेली कळली.

दाराशी ताई बाकावर बसली. रबरी चपला काढल्या, पाय बुटांत सरकवले. आणि तिथे अडलं. पट्ट्यामुळे तिला वाकता येईना. घरी शेजारची मुलगी बांधून द्यायची. तिने एकदा प्रयत्न केला, अर्ध्यातच कळ आली आणि ती डोळे मिटून ताठ बसली. लेसची टोकं जमिनीवर लोळत होती. मॅडम पुढे व्हायला लागल्या, मग काय वाटलं कोण जाणे, जागेवरच थांबल्या.

धाकटी शेजारी उभी होती, हात पाठीमागे. तिने लेसकडे पाहिलं. ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ताई अशी बसमध्ये चढणार, लेस पायात येणार, ताई पडणार, एवढं तिला लख्ख दिसत होतं. आणि गाठ मारली तर काय होणार तेही दिसत होतं. मग ती खाली बसली.

उजवा बूट तिने मांडीवर घेतला. एक पाकळी. दुसरी पाकळी. खालून काढली, ओढली. चौतीस वर्षांचा हात तो, निमिषात काम झालं. दोन्ही पाकळ्या एका मापाच्या. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आली की गं तुला," ताई म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. तिने डावा बूट मांडीवर घेतला, लेसची दोन टोकं दोन हातांत धरली, त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग सोडून दिली.

"या बुटाची विसरले," ती म्हणाली.

ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं भान तिला राहिलं नाही. धाकटीने लेसची टोकं गोळा केली आणि पायात येऊ नयेत म्हणून बुटाच्या आत नीट खोचली, गेला महिना-दीड महिना स्वतःच्या खोचत होती तशी. "टाचेला थोडं घासतं," तिने बजावलं. "दोन मोजे घाल. घरी कुणाकडून बांधून घेऊ नको."

"नाही घेणार."

"मी निरोप धाडलाय."

"पोचला," ताई म्हणाली.

ती मॅडमचा हात धरून गाडीपर्यंत चालत गेली, एक पाय नेहमीसारखा टाकत, दुसरा जपून. धाकटी फाटकात उभी राहिली. ड्रायव्हरने दार उघडून दिलं आणि खाली बघत म्हणाला, "ताई, डाव्या बुटाची लेस बांधायची राहिलीय. मी बांधू का?"

"असू दे," ताई म्हणाली. "तेवढी एक माझ्या बहिणीला अजून येत नाही."